डोळ्याला डोळा का लागत नाही?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. आगाऊ घेतलेली उचल त्या जोडीच्या नावावर, आणि खाडा पडला तर दंडही जोडीच्याच माथी. उजाडायच्या आत फड गाठायचा, त्याआधी पाणी भरून भाकरी थापायच्या, आणि गाडी रात्री-अपरात्री आली तर मोळ्या भरायला तेव्हाच उठायचे. जिच्या कडेवर सहा महिन्यांचे मूल आहे तिला यातले काही माफ होत नाही, उलट रात्रीचे पाजणे वाढते. अशी बाई दवाखान्यात जाऊन ‘झोप लागत नाही, जीव घाबरतो’ म्हणते तेव्हा तिच्या बोलण्यात दोन वेगळी दुखणी असू शकतात. ती एकच समजली गेली की उपचार तिथेच चुकतो.

पहिले दुखणे म्हणजे झोपायला वेळच न मिळणे. दुसरे म्हणजे वेळ आणि अंथरूण असूनही झोप न येणे. वैद्यकशास्त्र निद्रानाश म्हणते ते या दुसऱ्याला, तेही आठवड्यातून निदान तीन रात्री आणि निदान तीन महिने असे चालले तर. दोन्हींत फरक करायला एक साधा प्रश्न पुरतो: बाळ गाढ झोपलेले असताना तुम्हाला झोप लागते का? ‘पाठ टेकली की लागते’ असे उत्तर आले, तर तिला बहुधा गोळी नको, चार तास हवेत. ‘बाळ झोपते, मी मात्र टक्क जागी’ असे उत्तर आले, तर चिंतेचा शोध घ्यायला हवा. पण पहिल्या दुखण्यातून दुसरे जन्म घेते, हेही तितकेच खरे. निद्रानाश सुरू करणारी कारणे वेगळी आणि तो टिकवून धरणारी वेगळी, अशी मांडणी आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये केली. ती इथे चपखल बसते. सुरुवात तान्ह्या मुलामुळे होते, कोपीला (फडावरच्या झोपडीला) दार नसल्यामुळे किंवा सापाच्या धास्तीने होते. उचल फिटेल का, गावी आजीजवळ ठेवलेली मुलगी सुखरूप असेल का, हे विचार रात्रीच डोके वर काढतात. मग बाई पडल्या पडल्या ‘आज तरी लागेल का’ याची वाट पाहू लागते. दिवसा चहावर रेटते, रात्री जाग आली की मिसरी लावते. चहातले कॅफिन आणि तंबाखूतले निकोटिन, दोन्ही जागवणारेच. मूल रात्रभर झोपू लागते, पण आईचे शरीर पहारा सोडत नाही.

मनाकडे जाण्याआधी शरीर तपासायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. शरीरात लोह कमी पडले की रात्री पाय वळवळतात, स्वस्थ पडवत नाही. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडले तर छाती धडधडते, आणि ती धडधड चिंतेसारखीच वाटते. बीडचे एक दुखणे तर आणखी वेगळे आहे. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर 2019 मध्ये आलेल्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली असतील, तर रजोनिवृत्ती तिशीतच येते. अंगाची लाही होऊन, घामाने भिजून जाग येणे हे तिचे ठळक लक्षण. लेकरे अजून लहान असलेल्या अशा बाईला ‘विचार करू नका’ एवढेच सांगणे म्हणजे तिची बोळवण आहे.

‘कष्टाच्या माणसाला दगडावरही झोप लागते, हे सुखवस्तूंचे चोचले,’ असे अनेकजण म्हणतात. पण थकवा आणि झोप एक नव्हेत. धोक्याची जाणीव जागी असेल, तर दमलेले शरीरही झोपेला नकार देते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चिंतेचे कारण खरे असताना मनावर उपचार कशाला, आधी उचलीचा फास सोडवा. फास सोडवायलाच हवा. मजुरीचा दर, फडावर पाळणाघर, कोपीत वीज या मागण्या मला झोपेच्याच मागण्या वाटतात. पण त्या मान्य होईपर्यंत ही बाई रोज रात्री जागी राहणार, आणि न झोपलेल्या माणसाला उद्याची भीती दुप्पट वाटते. दोन्ही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत.

दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचवली, गोळी नव्हे. उठण्याची वेळ ठरलेली ठेवायची, डोळे जड झाल्यावरच अंथरुणात जायचे, झोप येत नसेल तर उठून बसायचे, आणि उद्याच्या काळज्यांना संध्याकाळीच पंधरा मिनिटे द्यायची. अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा या पद्धतीतला भाग मात्र रात्री पाजणाऱ्या, आधीच अपुऱ्या झोपेवर जगणाऱ्या आईने स्वतःहून करू नये. हे सांगायला तज्ज्ञ कुठून आणायचे, असे कोणी विचारील. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने उदास गर्भवतींसाठी वस्तीतल्याच सामान्य बायकांना प्रशिक्षण दिले. लाभ माफक होता, पण दिसला. आशाताईंच्या घरभेटीत ‘बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का’ हा एक प्रश्न सहज मावेल. 14416 या ‘टेलिमानस’च्या मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर बोलायला पैसेही पडत नाहीत.

सगळ्यात स्वस्त उपाय घरातच आहे आणि तोच सगळ्यात अवघड. रात्रीच्या एका प्रहरात बाळ दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचे, पाजण्यापुरतेच आईला उठवायचे आणि तिला सलग झोपू द्यायचे. ‘बाप्यालाही ऊस तोडायचा असतो’ हे खरे. पण 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची 299 मिनिटे घालवत होत्या, पुरुष 97. फडावर कोयता दोघांचा धरतात, चुलीपाशी तो एकटीचाच होतो. सासूबाईंनी चार लेकरे अशीच वाढवली, हेही ऐकवले जाते. त्यांना त्या वर्षांत झोप कशी लागत होती, हे कोणी विचारले होते?

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीपासून दूर राहावे. अल्प्राझोलामसारखे औषध चिठ्ठीशिवाय देण्यास कायद्याने बंदी आहे, त्याची सवय लागते, आणि गुंगीत असलेल्या आईच्या कुशीत तान्हे बाळ सुरक्षित नसते. एका अवस्थेत मात्र घरचे उपाय करत बसू नये. बाळंतपणानंतरच्या दिवसांत बाई दोन-तीन रात्री अजिबात झोपली नाही आणि तरी दमली नाही, अखंड बोलू लागली, घरच्यांवर संशय घेऊ लागली किंवा बाळाला काही करून टाकण्याचे बोलली, तर ती प्रसूतीनंतरची तीव्र मनोविकृती असू शकते. हजारात एक-दोघींनाच ती होते, पण आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषाकडे नेण्यात तो दिवस घालवू नये. तिला एकटे न सोडता त्याच दिवशी बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. टोळी फडावर असेल तर 108 ला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, टोळीचा मुकादम खाडा मांडो वा न मांडो.