ज्यूल व्हर्न आणि त्याचे वाचक

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाविषयी दोन वाचक बोलू लागले म्हणजे ते एकाच माणसाविषयी बोलत आहेत की नाही, असा संशय ऐकणाऱ्यास यावा, इतकी त्यांची मते भिन्न असतात. एकाच्या लेखी तो मुलांची सुटी सुखाची करणारा गोष्टीवेल्हाळ. दुसऱ्याच्या लेखी चंद्रप्रवासाचे भाकीत वर्तविणारा द्रष्टा. तिसऱ्यास त्याचे विज्ञान कच्चे आणि भाषा रुक्ष वाटते, तर चौथा, आणि हा बहुधा फ्रेंच जाणणारा असतो, त्याला थोर साहित्यिकांच्या पंक्तीस बसवितो. ज्याची त्याची आवड, असे म्हणून हा वाद मिटविता आला असता. परंतु व्हर्नच्या बाबतीत या मतभेदाचे मूळ बऱ्याच अंशी वाचकांच्या आवडीत नसून त्यांच्या हाती पडलेल्या पुस्तकांत आहे.

व्हर्न १८२८ साली नांत या बंदराच्या शहरी जन्मला आणि १९०५ साली आम्यां येथे निवर्तला. फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची त्याची कादंबरी १८६३ साली निघाली व तो एकदम लोकप्रिय झाला. त्याचा प्रकाशक एत्झेल याने पुढच्याच वर्षी मुलांचे शिक्षण व मनोरंजन यांसाठी एक नियतकालिक काढले आणि व्हर्नच्या पुष्कळशा कादंबऱ्या त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाल्या. मुलांचा लेखक हा शिक्का त्याच्यावर बसला तो असा. झोलासारख्या समकालीनाला त्याचा खप दिसला, पण साहित्यातील महत्त्व दिसले नाही. फ्रेंच अकादमीचे दार त्याला अखेरपर्यंत उघडले नाही. तिकडे टॉलस्टॉय मात्र आपल्या मुलांना व्हर्न वाचून दाखवी, आणि ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीसाठी त्याने स्वतः चित्रेही काढली होती. फ्रान्समधील टीकाकारांची दृष्टी पालटली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. १९४९ साली मिशेल ब्यूतोर याने आणि १९५७ साली रोलां बार्त याने त्याच्यावर गंभीरपणे लिहिले. व्हर्नचे खरे आकर्षण दूरच्या प्रवासात नसून बंद, सुरक्षित, आरामशीर जागेत आहे, असे बार्तचे म्हणणे. नॉटिलस या पाणबुडीतील ग्रंथालय ज्याला आठवते, त्याला हे सहज पटावे.

इंग्रजी वाचकांचे मत मात्र फार काळ प्रतिकूल राहिले. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ ही कादंबरी लुई मर्सिये नावाच्या धर्मोपदेशकाने १८७२च्या सुमारास इंग्रजीत आणली व तसे करताना मूळ मजकुराचा पाचवा हिस्सा तरी गाळला. जे ठेवले त्याचीही दैना झाली. नॉटिलसचे पोलाद पाण्याच्या ७.८ पट जड, असे व्हर्नने बरोबर लिहिले होते. मर्सियेच्या हातून त्या आकड्याचा असा घोटाळा झाला की ते पोलाद पाण्याहून हलके ठरले. पाणबुड्याच्या पोशाखाचे त्याने बुचाचे जाकीट केले! ते घालून समुद्रतळाशी उतरावयाचे कसे, हा प्रश्न भाषांतरकाराला पडला नाही. १९६१ साली थिओडर टॉमस या अमेरिकन लेखकाने व्हर्नच्या वैज्ञानिक चुकांवर एक खरमरीत लेख लिहिला. वॉल्टर मिलर या अभ्यासकाने पुढे मुळाशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांतील कित्येक चुका भाषांतराच्या निघाल्या. मिलरचे नवे भाषांतर १९६५ साली प्रसिद्ध झाले.

अर्थात सगळाच दोष भाषांतरकारांच्या माथी मारता येत नाही. १८६५ सालच्या चांद्रकादंबरीत व्हर्नने प्रवाशांना तोफेच्या गोळ्यात बसवून उडविले. पृथ्वीचे आकर्षण तोडण्यास लागणारा सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग त्याने नेमका धरला. पण तो वेग नळीतल्या नळीत क्षणार्धात गाठताना आतील माणसांचा चेंदामेंदा होईल, ही अडचण त्याने पाण्याच्या गादीवर भागविली. तरीही अवकाशयानाचा आद्य शास्त्रज्ञ त्सिओल्कोवस्की याला प्रेरणा मिळाली ती याच लेखकापासून. एच. जी. वेल्सने १९०१ साली गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थच कल्पून माणसे चंद्रावर धाडली, तेव्हा म्हातारा व्हर्न कुरकुरला की असा पदार्थ आणून दाखवा. वेल्सच्या चाहत्यांना ही तक्रार अरसिक वाटते, व्हर्नच्या चाहत्यांना प्रामाणिक.

भारतीय श्रोत्यांना सर्वांत जिव्हाळ्याचा वाटावा असा मतभेद कॅप्टन नेमोविषयीचा आहे. व्हर्नच्या मनात तो रशियाचा सूड घेणारा पोलिश उमराव होता. रशियातील गिऱ्हाईक दुखवू नये म्हणून एत्झेलने ते होऊ दिले नाही. नेमो देशहीन राहिला, आणि १८७४-७५ साली निघालेल्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार म्हणून प्रकट झाला. म्हैसूरच्या टिपूचा भाचा बुंदेलखंडात कसा, हे व्हर्नलाच ठाऊक! पण १८५७ च्या उठावात पुढे होऊन लढलेला, घरदार गमावलेला, इंग्रजांच्या सत्तेचा आमरण द्वेष करणारा हा माणूस व्हर्नने पूर्ण आदराने रंगविला आहे. १८७५ साली किंग्स्टन यांच्या नावाने निघालेल्या इंग्रजी आवृत्तीत तो परिच्छेद चक्क फिरवला गेला. तेथे इंग्रज हे शांतता आणि सुबत्ता आणणारे, आणि हिंदी जनता ही महत्त्वाकांक्षी राजांच्या नादी लागलेली, अज्ञ व अंधश्रद्ध. जी कादंबरी वाचून हिंदी वाचकाचा ऊर भरून यावा, तीच वाचून त्याने संतापावे, अशी ही करामत होती.

मात्र १८८० सालच्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत पोलादी हत्तीने ओढलेल्या घरांतून प्रवास करणाऱ्या इंग्रजांचा वैरी म्हणून नानासाहेब पेशवे येतात, ते सूडाने पेटलेले क्रूर खलपुरुष म्हणून. जगप्रदक्षिणेतील औदा ही मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी. तिला बुंदेलखंडाच्या राजाची विधवा करून सती घालण्याचा घाटही मूळ फ्रेंचमध्येच आहे. येथे रागावणारा वाचक चुकत नाही.

मराठीत व्हर्न मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने आला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर आले, आणि पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्या मुलांपैकी कित्येकांनी मोठेपणी व्हर्न इंग्रजीतून पुन्हा वाचला, आणि त्यांचीही मते एकमेकांशी जुळत नाहीत. नेमो इंग्रजांचा वैरी होता की नुसता एक विक्षिप्त माणूस, असा वाद त्यांच्यात निघाला, तर मृत्युशय्येवरील नेमोचे प्रकरण कोणी कोणत्या भाषांतरात वाचले, हे आधी विचारून घ्यावे लागते.