भाग जातो, पण कशाने?

मध्यंतरी गृहपाठ करताना माझ्या मुलीने विचारले, "बाबा, एखाद्या संख्येला भाग जातो हे कळलं, पण कशाने जातो ते कळलंच नाही, असं होतं का कधी?" मी "हो" म्हटले, तर तिला ती थट्टाच वाटली. मग तिला एका एकवीस आकडी संख्येची हकिगत सांगावी लागली.

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या मिळते. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. १८७६ साली लुकास या गणितज्ञाने ती मूळ नाही असे सिद्ध केले, पण तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही!

हे कसे शक्य आहे? फर्माचा एक नियम असा, की न ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल, तर २ च्या (न – १) व्या घाताला न ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. आता १५ घ्या. २ चा १४ वा घात १६३८४. त्याला १५ ने भागल्यास बाकी उरते ४. म्हणजे १५ मूळ नाही. यात ३ आणि ५ कुठे आले? कुठेच नाही. लुकासची कसोटी वेगळी होती, पण जातकुळी हीच.

अवयव सापडायला १९०३ साल उजाडले. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत प्रा. फ्रँक नेल्सन कोल यांनी फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला आणि, असे सांगतात, एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. (आपला शाळेतला नवाचा ताळा इथे करून पाहा, जुळतो.) या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवातून १ वजा केला की १३४ ने नि:शेष भाग जातो, एवढा धागा हाती होता. तरी पहिल्या अवयवापर्यंत असे साडेचौदा लाख उमेदवार येतात. कोल यांनी आणखी चाळण्या लावल्या. त्यात तीन वर्षांचे रविवार गेले म्हणे. आज घरचा संगणक हे काम क्षणात करतो.

मात्र संख्या मोठी झाली की तोही हात टेकतो. २००२ साली आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दाखवून दिले, की संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्याची खात्रीची आणि झटपट रीत आहे. अवयव पाडण्याची तशी रीत साध्या संगणकासाठी कोणालाच सापडलेली नाही. २०२० साली एका २५० आकडी संख्येचे अवयव पाडायला हजारो संगणक कित्येक महिने राबले. आपण घरबसल्या बँकेचे व्यवहार करतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ६१७ आकडी संख्या कुलपाचे काम करते.

"म्हणजे अशी रीत नाहीच?" मुलीने विचारले.

ती नाहीच, हेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.