कार्बनविना उमटणारी प्रत

तर मंडळी, मध्ये कार्बन पेपर न घालता खालच्या पावतीवर अक्षर उमटतं कसं, ते आता पाहू. अमेरिकेत डेटन इथल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन आणि लोवेल श्लायकर यांनी ही युक्ती शोधली. १९५४ साली हा कागद बाजारात आला. वरच्या कागदाच्या पाठीवर अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. कुपीत तेलात विरघळवलेला रंगहीन डाय. आपण पेन दाबलं की कुप्या फुटतात, डाय खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी मातीला भिडतो आणि निळं अक्षर दिसतं. म्हणजे रंग तयार होतो तो खालीच! मधल्या प्रतीला दोन्ही थर असतात. म्हणूनच बिलबुकात पुठ्ठा घातला नाही, तर पुढची बिलंही रंगतात.

पण त्या तेलाचं काय? अमेरिकेत १९७१ पर्यंत त्यासाठी पीसीबी वापरत. सहजी न विघटणारं, विषारी रसायन. रद्दीतल्या पावत्यांचा लगदा झाला, लगद्याचे पुठ्ठे झाले आणि पीसीबी खाद्यपदार्थांच्या खोक्यांत पोचलं. पुढे तेल बदललं. पावती रद्दीत गेली तरी तिच्यातलं रसायन फिरत राहतं. म्हणून कागद कशाचा बनलाय, हेही आपण विचारायला हवं.