वगळा, पण पुसू नका

दिवाळीला लातूरच्या घरी सगळे जमले आहेत. नांदेडहून आत्या आली आहे, पुण्याहून नातवंडं आली आहेत. जेवणं उरकल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘‘आत्याच्या लग्नाची कॅसेट लावा की!’’ ती कॅसेट केव्हाच हार्ड डिस्कवर उतरवून घेतलेली असते. डिस्क टीव्हीला जोडली जाते आणि पडद्यावर चौकोनांची रांगच रांग लागते. सुप्रभाताचे व्हिडिओ, तोच वाढदिवस तीनदा, खिशात चुकून सुरू राहिलेलं चित्रीकरण. लग्न शोधताना एक चौकोन दाबला जातो आणि आजोबांचे रुग्णालयातले शेवटचे दिवस सुरू होतात. आजी काही न बोलता उठून आत जाते.

प्रसंग कल्पनेतला आहे, पण थोड्याफार फरकाने कुठल्याही घरात घडू शकेल असा आहे. दोष आठवणींचा नाही, मांडणीचा आहे.

कोडी, प्लेक्स, जेलीफिन यांसारखे प्रोग्राम डिस्कवरचा प्रत्येक फोल्डर चाळतात आणि सापडेल तो व्हिडिओ यादीत मांडतात. त्यांच्या लेखी लग्न आणि फॉरवर्ड सारखेच. म्हणून कोणत्या फोल्डरकडे बघायचं नाही, हे आपणच सांगावं लागतं. यालाच फोल्डर वगळणं म्हणतात. फाइल जागच्या जागी राहते, फक्त यादीत दिसत नाही.

काय वगळावं, काय नाही

पहिला मान फॉरवर्डचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये आपणच पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती असतात, त्यांचीही यादीत गरज नाही. छोट्या चित्रांचे ‘थंबनेल्स’ फोल्डर आणि एडिटिंगचा कच्चा माल हेही बाजूला ठेवता येतात.

पण नावावर जाऊ नका. हँडीकॅमच्या बऱ्याच मेमरी कार्डांवर ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर असतो. नाव वाचून खासगी काहीतरी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचं सगळं चित्रीकरण त्याच्याच पोटात असतं. तो वगळला की बारशापासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सारं अदृश्य! तसंच लग्नाच्या डीव्हीडीचं. ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमध्ये एकच चित्रफीत साधारण एक-एक जीबीच्या तुकड्यांत असते. पुढचा तुकडा ‘डबल’ समजून काढला, तर मंगलाष्टकांनंतरचं लग्नच गायब. म्हणून आधी उघडून पाहा, मग वगळा.

कृती सोपी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये नको असलेल्या फोल्डरात एक रिकामी फाइल ठेवायची. तिचं नाव: आधी टिंब, मग इंग्रजी लहान अक्षरांत सलग ‘नोमीडिया’. गॅलरी तो फोल्डर सोडून देते. कोडीही ही खूण ओळखतो. जेलीफिनमध्ये टिंब आणि ‘इग्नोर’ अशी फाइल चालते. प्लेक्समध्ये टिंब आणि ‘प्लेक्सइग्नोर’ या नावाच्या फाइलीत वगळायच्या फोल्डरांची नावं लिहावी लागतात. नोटपॅडमध्ये फाइल बनवली, तर नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ आपोआप चिकटत नाही ना, ते तपासा. नाहीतर उपयोग होत नाही. शेवटी लायब्ररी पुन्हा स्कॅन करायला सांगा.

दुःखाचा फोल्डर

आता आजोबांच्या व्हिडिओंचं काय? काही घरांत ते रागाच्या किंवा दुःखाच्या भरात पुसून टाकले जातात. घाई करू नये. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेलं एक प्रारूप इथे उपयोगी पडतं. शोकात असलेला माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या कामात, नव्या घडीत मन घालतो. या दोन टोकांमधली ये-जा हाच सावरण्याचा मार्ग आहे, असं ते सांगतात. आठवण कायमची पुसली, तर तिच्याकडे परतायची वाट बंद होते; आणि ती वेळी-अवेळी पडद्यावर आदळत राहिली, तर उसंत मिळत नाही.

वेगळा, वगळलेला फोल्डर या दोन्हींच्या मधला मार्ग देतो. कधी बघायचं, ते घरातली माणसं ठरवतात. गूगल फोटोजच्या ‘मेमरीज’मध्येही ठरावीक व्यक्ती किंवा तारखा लपवता येतात. मात्र हा निर्णय घरातल्या तरुणाने परस्पर घेऊ नये, आजीला विचारावं. काहींना तो चेहरा रोज बघून बरं वाटतं. शोकामुळे झोप, जेवण, रोजचे व्यवहार बराच काळ विस्कटलेले राहिले, तर डॉक्टरांशी बोला. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

वगळलेलं सुरक्षित नसतं

सर्वांत मोठी चूक इथे होते. वगळलेला फोल्डर कुलूपबंद होत नाही. डिस्क हातात असलेला कुणीही तो उघडू शकतो. शिवाय फोनच्या गॅलरीतून वगळलेला फोल्डर सहसा आपोआप होणाऱ्या बॅकअपमधूनही सुटतो. दिसत नाही, म्हणून आठवत नाही; आणि डिस्क बिघडल्यावर कळतं, की त्याची दुसरी प्रतच नव्हती. कॅसेटवरून पुन्हा उतरवू म्हणावं, तर जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. चालू स्थितीतला प्लेअर शोधणंच आता अवघड.

म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळा. दुसरं ठिकाण का, हे मराठवाड्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरंच्या घरं ढिगारा झाली. एकाच छताखाली ठेवलेलं सगळं एकदम जाऊ शकतं. लातूरची एक डिस्क नांदेडला आत्याकडे असू द्या. तीत वगळलेले फोल्डरही आहेत ना, ते एकदा उघडून पाहा.

कारण एखाद्या वर्षी आजीच म्हणेल, ‘‘यांचा तो व्हिडिओ लाव बरं.’’ तेव्हा तो सापडायला हवा.