हौशीच्या पाकटांना कायद्याचा चाप
गोड्या पाण्यातील पाकट मासा घरच्या काचेच्या टाकीत हौसेखातर पाळण्यास अमेरिकेतील कॅलिफोर्निया व टेक्सास राज्यांत मनाई आहे. दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा हा रहिवासी वाढला की टाकीत मावेनासा होतो आणि काही मालक त्याला तलावात सोडून मोकळे होतात. सिंगापूरच्या जलाशयांत ‘मोटोरो’ पाकट रुजले ते अशाच सोडणुकीतून, असे अभ्यासक मानतात. शेपटीच्या विषारी काट्यावर पाय पडला, तर वेदना असह्य होतात. भीती अनाठायी नाही.

दुसरे बंधन नेमक्या उलट कारणासाठी आहे. काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवणारा पाकट केवळ ब्राझीलच्या शिंगू नदीच्या खोऱ्यात आढळतो. त्याच्यासह सात जातींना २०२२ मध्ये पनामा येथे वन्यजीव व्यापारविषयक ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्यात आले. पैदास केंद्रात जन्मलेल्या पिल्लांनाही सीमा ओलांडताना कागदपत्रे लागतात.