साप पाळू पाहणाऱ्यांचे सहा गैरसमज

चेंडूसारखे वेटोळे घालून बसलेल्या बॉल पायथनची चित्रफीत मोबाइलवर पाहिली, की धारवाडच्या सुभाष रोडवरल्या कॉलेजकुमारालाही वाटते, हा प्राणी पाळणे सोपे. भुंकत नाही, केस गाळत नाही, रोज खायला मागत नाही. हे सगळे खरे आहे. पण दुखले-खुपले तरी साप ओरडत नाही, त्यामुळे पाळणाऱ्याची चूक कळते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

गैरसमज १: देशी बिनविषारी साप घरी ठेवायला हरकत नाही.

धामण, दिवड, मांडूळ यांना विष नाही, ते शेतात-परसात आढळतात आणि सर्पमित्र त्यांना सर्रास पकडताना दिसतात. म्हणून हा समज पटतो. पण कायदा विष मोजत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने या सापांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडून बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. परंपरेची सबबही चालत नाही. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतील जिवंत नागांच्या खेळांना मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनाई केली. मांडुळाच्या बोथट शेपटीमुळे त्याला दोन तोंडे असल्याचा भास होतो. त्यावरून पसरलेल्या गुप्तधनाच्या अफवांनी मांडुळाची तस्करी वाढवली आणि अनेकांना कोठडीत पोहोचवले.

गैरसमज २: परदेशी सापाला आपला कायदा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी हे बरेचसे खरे होते, म्हणूनच विक्रेते अजून तेच सांगतात. २०२२ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतील प्राणी आता कायद्याच्या कक्षेत आले आहेत आणि त्या यादीत सर्व अजगरवर्गीय साप येतात. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्याचा मृत्यू, पिल्ले, हस्तांतर हेही कळवावे लागते. दुकानदाराची पावती म्हणजे नोंदणी नव्हे.

गैरसमज ३: आपला देश उष्ण, सापाला वेगळी ऊब कशाला?

उन्हाळ्यात हा तर्क बिनतोड वाटतो. पण धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या पावसाळ्यातील गारवा आणि डिसेंबरच्या थंड रात्री आफ्रिकेतील बॉल पायथनला मानवत नाहीत. त्याच्या पेटीचे एक टोक ३२ अंशांच्या आसपास आणि दुसरे २६ अंशांच्या आसपास हवे, म्हणजे तो गरजेप्रमाणे जागा बदलतो. सापाचे पचनही बाहेरच्या उष्णतेवर चालते. ती कमी पडली की गिळलेला उंदीर तो ओकून टाकतो आणि त्याला श्वसनाचे विकार जडतात. उलट, थर्मोस्टॅट न लावता हीटिंग पॅड ठेवला तर त्याचे पोट भाजते.

गैरसमज ४: खात नाही म्हणजे आजारी, जिवंत उंदीर सोडावा.

कुत्र्याने दोन दिवस अन्न टाकले की आपण डॉक्टर गाठतो. तीच काळजी सापाला लावली जाते. प्रौढ बॉल पायथन वजन टिकवून कित्येक आठवडे, कधी काही महिनेही उपाशी राहतो. आधी तापमान, लपायची जागा आणि कात टाकण्याची वेळ तपासावी. वजन घटू लागले तर मात्र पशुवैद्य गाठावा. जिवंत उंदीर घाबरून सापालाच चावतो आणि जखमा चिघळतात. गोठवलेला मेलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने देणे साप आणि पाळणारा दोघांनाही सुरक्षित.

गैरसमज ५: रोज हाताळले की सापाला लळा लागतो.

गळ्यात शांत पडून राहिलेला साप पाहिला की तसे वाटणारच. प्रत्यक्षात त्याला हवी असते शरीराची ऊब. सवयीने तो एवढेच शिकतो, की या हातापासून धोका नाही. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस आणि कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झाले असताना त्याला हात लावू नये. सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

गैरसमज ६: नकोसा झाला तर रानात सोडून देता येईल.

पश्चिम घाट जवळ असल्याने ही सुटका वाटते, शिवाय दयाळूपणाचीही. पण परका साप एकतर मरतो किंवा जगून स्थानिक प्राण्यांच्या मुळावर येतो. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी सस्तन प्राण्यांची संख्या प्रचंड घटवली. २०१२ मध्ये अमेरिकेला त्यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

बॉल पायथन वीस-तीस वर्षे जगतो. कायदेशीर नोंदणी, तापमानाची सोय आणि एवढ्या वर्षांची तयारी यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर साप विकत घेऊ नये. सापांची आवड असणाऱ्याने आधी आपल्या परिसरातील साप ओळखायला शिकावे. त्यासाठी ना पेटी लागते, ना परवाना.