पोस्टरची खालची पट्टी

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीच्या नावापुढे कंसात ‘रेल्वे’ लिहितात, कारण याच जिल्ह्यात वर्धा शहराला लागून दुसरी सिंदी आहे, सिंदी (मेघे). ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच मार्गावर वर्धा आणि नागपूर यांच्या मध्ये सिंदीचे हे स्टेशन आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत जीआयपीने आणि इतर रेल्वेंनी ‘हिंदुस्थान पाहायला या’ असे सांगणारी रंगीत पोस्टरे काढली. ताजमहाल, बनारसचे घाट, उदयपूरचे तलाव, दार्जिलिंगचे डोंगर. आज त्यांच्या नव्या प्रती ऑनलाइन मिळतात आणि कॅफेत, हॉटेलांत, नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात लागतात.

अशी प्रत घेणे म्हणजे नकली माल घेणे, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही. पोस्टर जन्मालाच प्रत म्हणून येते. त्याचे एकमेव मूळ असे नसतेच. चित्रकाराने रंगवलेला कागद हा छपाईचा कच्चा माल. शेकड्यांनी छापायचे, खळ लावून भिंतीला चिकटवायचे, हंगाम संपला की त्यावरच दुसरे चिकटवायचे. म्हणून तर जुन्या प्रती इतक्या थोड्या उरल्या आणि लिलावात त्यांना लाखांत किंमत येते. पुन्हा छापणे हा या चित्रांवर अन्याय नाही. अन्याय वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

जुन्या पोस्टरच्या तळाशी कागदाची एक अरुंद पट्टी असे. तिच्यात बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रेसने यांतली बरीच पोस्टरे छापली, आणि हे आपल्याला त्या पट्टीमुळेच कळते. नव्या प्रती काढणारे बहुतेक विक्रेते फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी नेमकी हीच पट्टी उडवतात. कधी चित्राच्या कोपऱ्यातली सहीही जाते. उरते फक्त ‘व्हिंटेज इंडिया’.

त्या पट्टीमागे केवढे काम होते! पद्धत शिळाछापाची, लिथोग्राफीची. आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे आणि शिळा ओली करायची. शाई तेलकट रेघेला धरते, ओल्या जागेला धरत नाही. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. पुढे शिळेऐवजी जस्ताचे पत्रे आले. पाच-सहा रंग एकावर एक नेमके बसवायचे. एक रंग केसभर सरकला तरी चेहऱ्याला दोन नाके दिसतात. महाराष्ट्राला ही कला चांगली परिचयाची होती. पुण्याचे चित्रशाळा प्रेस १८७८ चे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; दादासाहेब फाळक्यांनीही त्याच्यासाठी काम केले. देवघरातली लक्ष्मी आणि स्टेशनवरचा ताजमहाल यांचे कारागीर एकाच परंपरेतले.

चित्रकारांतही आपला माणूस आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच संचालकपदापर्यंत पोचले. तैलचित्रे, पुस्तकांतली चित्रे, पोस्टकार्डे यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेसाठी पोस्टरेही केली. गर्दी रंगवावी धुरंधरांनीच: प्रत्येक पागोटे वेगळे, प्रत्येक पदर वेगळा. अशा चित्रावरून त्यांची सही कापणाऱ्याला काय म्हणावे? कायद्याची आडकाठी नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे धुरंधरांची चित्रे कुणीही छापू शकतो. पण हक्क संपला म्हणून नाव पुसण्याची मुभा मिळत नाही.

चांगली प्रत कशी ओळखायची? ब्रिटिश रेल्वेच्या पोस्टरचे एक नेहमीचे माप २५ बाय ४० इंच होते, आणि आपल्याकडची कितीतरी पोस्टरे त्याच मापाची आहेत. तेवढ्या आकारात इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर मूळ फाइलमध्ये ९ कोटी पिक्सेल लागतात. संकेतस्थळावरून उतरवलेल्या चित्रात याचा लहानसा अंशही नसतो, म्हणून मोठी प्रत पुसट येते. भिंग लावून पाहा. शिळाछापात खडूचा ओबडधोबड रवा दिसतो. आजच्या ऑफसेटमध्ये चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित फुले दिसतात. नवी प्रत ठिपक्यांचीच असणार, पण तो खडूचा रवा तिच्यातही ओळखू आला पाहिजे. तो गुळगुळीत झाला असेल तर चित्र संगणकावर जास्तच ‘साफ’ केलेले आहे. कागद सुती आणि आम्लरहित, शाई पिगमेंटची. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. साध्या डाय शाईचा निळा पश्चिमेकडच्या भिंतीवर फार टिकत नाही. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि कागद यांच्यात माउंट घालून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो. सनबोर्डवर चिकटवलेली प्रत स्वस्त पडते, पण पुढे ती काढता येत नाही.

या पोस्टरांतला हिंदुस्थान मुख्यतः मुंबईच्या बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी होता. मजकूर इंग्रजीत, एका प्रसिद्ध ठिकाणाहून दुसऱ्याकडे उडी. मधल्या मुलखाला त्यात जागा नव्हती. ती उणीव आता भरून काढता येईल, कारण छपाई आज नागपुरातही होते आणि दहा प्रतीही काढता येतात. जुन्याच्या प्रती जरूर काढाव्यात, पण त्याच रीतीची नवी पोस्टरेही निघावीत. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा घ्या: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सजवलेले मोठमोठे लाकडी नंदी, त्यांच्याभोवती नटूनथटून आलेली मुले. सपाट चार-पाच रंगांत मांडायला याहून सरस विषय मला तरी सुचत नाही. नंदीचा पांढरा, झुलीचा लाल, भादव्यातल्या शेतांचा हिरवा, वर ठसठशीत देवनागरीत गावाचे नाव, आणि तळाच्या पट्टीत काढणाऱ्याचे नाव, छापखाना, साल.